सूक्ष्म कण आणि प्रचंड दाब



साखरेचें पोतें आणि साखरेचा एक दाणा यांत फरक कोणता, असें एखाद्या मुलास विचारलें तर तो 'वजनाचा' असें उत्तर देईल, आणि शाळेंत त्या उत्तरास पुरे गुण मिळतील. गोडी तीच, रंग तोच, पाण्यांत विरघळण्याचा स्वभावहि तोच. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पाठांतच आपण शिकतों कीं, वजन व आकारमान हीं जिनसेच्या मापावर अवलंबून असतात. परंतु घनता, कठिणपणा, वितळण्याचें उष्णतामान हे गुण जिनसेच्या जातीचे असतात, मापाचे नव्हेत. मणभर लोखंड ज्या उष्णतामानास वितळतें त्याच उष्णतामानास तोळाभर लोखंडहि वितळतें. हा नियम खरा आहे आणि नित्याच्या व्यवहारांत त्यानें कोणाला दगा दिलेला नाहीं. मात्र त्याला एक सीमा आहे. दाणा फारच लहान झाला म्हणजे जिनसेचा स्वभाव पालटूं लागतो. ही सीमा कोठें येते आणि तेथें काय घडतें, हें एका प्रयोगाच्या साह्यानें पाहण्याचें मीं आज योजिलें आहे. प्रयोग असा : धातूच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण घ्यावयाचे, त्यांवर भूगर्भांतल्यासारखा प्रचंड दाब घालावयाचा, आणि त्यांच्या अंतर्रचनेंत कोणता बदल होतो तें पाहावयाचें.

ऑक्साइड म्हणजे मूलद्रव्याचा प्राणवायूशीं झालेला संयोग. हे पदार्थ आपल्या घरांत पावलोपावलीं आढळतात. कळीचा चुना हें कॅल्शियमचें ऑक्साइड. लोखंडाचा गंज हा मुख्यत्वें लोहाच्या ऑक्साइडाचाच प्रकार. कातडीच्या मलमांत जें पांढरें चूर्ण घालतात तें पुष्कळदां जस्ताचें ऑक्साइड असतें. आणि अंगठींतलें माणिक म्हणजे क्रोमियमच्या किंचित् अंशानें लाल झालेलें ॲल्युमिनियमचें ऑक्साइड. आज ज्याची हकीकत सांगावयाची तें मात्र टायटॅनियमचें ऑक्साइड आहे. त्याला थोडक्यांत टायटॅनिया म्हणतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगाचा शुभ्रपणा बहुधा याच चूर्णाचा असतो. कागद, प्लॅस्टिक, उन्हापासून कातडीचें रक्षण करणारीं मलमें यांतहि तें घालतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तींत इल्मेनाइट नांवाचें खनिज आहे. टायटॅनिया मिळविण्याचें तें एक मुख्य साधन होय.

टायटॅनियांत टायटॅनियमच्या दर एका अणूमागें प्राणवायूचे दोन अणु, हें प्रमाण कायम असतें. परंतु तेच अणु निरनिराळ्या तऱ्हांनीं रचले जाऊं शकतात. विटा त्याच, संख्या तीच. पण एक गवंडी एक प्रकारची भिंत बांधतो, दुसरा दुसऱ्या प्रकारची, तसेंच हें आहे. सृष्टींत सांपडणाऱ्या टायटॅनियाच्या रचनांपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत : ॲनाटेज व रूटाइल. दोहोंतहि टायटॅनियमच्या प्रत्येक अणूभोंवतीं प्राणवायूचे सहा अणु असतात. पण ॲनाटेजची बांधणी सैल, रूटाइलची त्याहून घट्ट. एका घन सेंटिमीटरांत ॲनाटेज सुमारें ३.९ ग्रॅम मावतें, रूटाइल सुमारें ४.२ ग्रॅम. दोन्ही रचनांत अणु ठराविक अंतरांवर, ठराविक दिशांनीं, ओळीनें बसलेले असतात. अशा शिस्तबद्ध मांडणीलाच आपण स्फटिक म्हणतों.

आतां दाबाकडे वळूं. दाबाचें काम एकच : पदार्थाला कमी जागेंत बसविणें. प्रथम अणु परस्परांच्या थोडे जवळ सरकतात. रचना तीच राहते, केवळ आंखडते. दाब वाढत गेला म्हणजे अशी वेळ येते कीं, जुनी रचना आणखी आंखडण्यापेक्षां ती मोडून अधिक घट्ट अशी नवी रचना करणें सृष्टीला स्वस्त पडतें. मग रचना पालटते. शिसपेन्सिलींतलें ग्रॅफाइट भूगर्भांतील दाबानें व उष्णतेनें हिरा होतें तें याच न्यायानें. दोहोंत कार्बनच, पण हिऱ्याची बांधणी अधिक घट्ट.

हा दाब किती मोठा असावा लागतो याची कल्पना येण्यासाठीं कांहीं आंकडे सांगतों. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरावर सुमारें एक किलो असतो. त्याला एक वातावरण म्हणतात. पॅसिफिक महासागरांतील मारियाना गर्तेच्या तळाशीं पाण्याचा दाब सुमारें १,१०० वातावरणें आहे. शास्त्रज्ञ ज्या मापानें मोजतात तें गिगापास्कल म्हणजे सुमारें दहा हजार वातावरणें. भूपृष्ठाखालीं ६६० किलोमीटर खोलीवर दाब २३-२४ गिगापास्कल असतो, आणि पृथ्वीच्या केंद्राशीं तो ३६० गिगापास्कलच्या आसपास जातो. आपल्या प्रयोगांतील दाब २४ गिगापास्कलपर्यंत पोंचतो. म्हणजे सर्वांत खोल समुद्रतळाच्या दोनशें पटींहून अधिक.

एवढा दाब प्रयोगशाळेंत आणावयाचा कसा ? या शास्त्राचा पाया घालणारे हार्वर्ड विद्यापीठांतील अमेरिकन शास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांना १९४६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचीं यंत्रें पोलादाचीं, अवजड होतीं. पुढें १९५८ च्या सुमारास वॉशिंग्टन येथील सरकारी मानक-संस्थेंत चार्ल्स वेअर, एलिस लिपिंकॉट, ॲल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि एल्मर बंटिंग यांनीं एक नवीच युक्ति काढली. दोन हिरे घेऊन त्यांचीं टोंकें घासून सपाट करावयाचीं, आणि त्या दोन टोंकांमध्यें पदार्थाचा कण धरून हिरे परस्परांवर दाबावयाचे. त्यांनीं वापरलेले हिरे चोरट्या व्यापारांतून जप्त होऊन सरकारजमा झालेले होते. म्हणून प्रयोगांत ते फुटले तरी परवडण्यासारखे होते!

या युक्तीचें मर्म साधें आहे. टांचणी बोटाला टोंचते आणि थाळी टोंचत नाहीं, कारण तोच जोर टांचणीच्या टोंकाशीं लहानशा जागेवर एकवटतो. हिऱ्याच्या सपाट टोंकाचा व्यास तीन दशांश मिलिमीटर धरला तर त्यावर अवघें १८० किलो वजन ठेवल्यासारखा जोर लावला कीं, दाब २५ गिगापास्कल होतो. अडीच लाख वातावरणांचा हा दाब हातानें स्क्रू फिरवून मिळतो, आणि सबंध यंत्र मुठींत मावतें. दोन हिऱ्यांमध्यें धातूचा एक पातळ पत्रा ठेवतात. त्याला बारीक भोंक असतें, आणि त्या भोंकांत पदार्थाचे कण, दाब चोहोंकडून सारखा पडावा म्हणून थोडा द्रव, आणि माणकाचा एक बारीक तुकडा असतो. माणिक येथें दाब मोजण्याचें काम करतें. त्यावर प्रकाश टाकला कीं तें एका विशिष्ट लाल रंगानें चमकतें, आणि दाब वाढेल तसतसा हा रंग ठराविक प्रमाणांत अधिक तांबडेपणाकडे सरकतो. ही रीत १९७२ पासून रूढ झाली.

हिरा पारदर्शक असल्यामुळें आंत काय चाललें आहे तें पाहतांहि येतें. क्ष-किरण हिऱ्यांतून आरपार जातात आणि स्फटिकांतील अणूंच्या ओळींवरून ठराविक कोनांत परततात; त्यांवरून रचना ओळखतां येते. दुसरें साधन आपल्याच देशाचें आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास शोधून काढलेल्या परिणामानुसार पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशांत त्या पदार्थाच्या अणूंच्या कंपनांची खूण उमटते. रचना बदलली कीं कंपनें बदलतात, आणि खूणहि बदलते.

आतां प्रयोगाचा निकाल पाहूं. ॲनाटेजचे मोठे स्फटिक, म्हणजे डोळ्यांना किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारे, घेतले तर साधारण तीन ते सात गिगापास्कलच्या दरम्यान त्यांची रचना पालटते आणि अधिक घट्ट असें दुसरें रूप तयार होतें. शिशाच्या एका ऑक्साइडाची रचना अशीच असते. या रूपाचें एक घन सेंटिमीटर सुमारें ४.३ ग्रॅम भरतें. दाब आणखी वाढवून १२ ते १५ गिगापास्कल केला म्हणजे तिसरें रूप येतें. तें झिर्कोनियमच्या बॅडेलाइट नांवाच्या खनिजासारखें असतें. त्यांत टायटॅनियमच्या प्रत्येक अणूभोंवतीं प्राणवायूचे सहांऐवजीं सात अणु बसतात. येथवर सर्व कांहीं पाठ्यपुस्तकाप्रमाणें आहे : दाब वाढला, बांधणी घट्ट झाली.

परंतु तेंच ॲनाटेज अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें घेतलें म्हणजे निकाल निराळा येतो. हे कण नॅनोमीटरांत मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केंस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. वर्गीस स्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून आणि त्या सुमाराच्या इतर प्रयोगांतून जें चित्र दिसलें तें असें. कण सुमारें ५० नॅनोमीटरांहून मोठे असले तर ते मोठ्या स्फटिकांप्रमाणेंच वागतात. १२ ते ५० नॅनोमीटरांच्या दरम्यानचे कण मधलें रूप अजिबात घेत नाहींत. ते बराच जास्त दाब सोसतात आणि मग एकदम बॅडेलाइटच्या रूपांत जातात. आणि १० नॅनोमीटरांहून लहान कण कोणतेंच नवें स्फटिकरूप धारण करीत नाहींत. मोठा स्फटिक ज्या दाबाला दोनदां रूप पालटून मोकळा झालेला असतो, त्या दाबाला हे चिमुकले कण अद्याप ॲनाटेजच असतात. आणि शेवटीं सुमारें २४ गिगापास्कलला त्यांच्यांतील ओळींची शिस्तच नाहींशी होते. स्फटिक विस्कळित होऊन कांचेसारखा अस्फटिक होतो. उष्णता दिलेली नाहीं, कण वितळलेला नाहीं. केवळ दाबानें हें घडतें. दाब काढून घेतला तरी शिस्त परत येत नाहीं. दाट विस्कळित रूपाचें थोडें सैल असें विस्कळित रूप होतें, एवढेंच.

पदार्थ तोच, दाब तोच, उष्णतामान तेंच. फरक केवळ कणाच्या आकाराचा, आणि निकाल तीन तऱ्हांचे. हें कां व्हावें ?

पहिलें कारण पृष्ठभागाचें आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या; त्याच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या टपालाच्या तिकिटाएवढें. त्याचे दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे घन कापले असतां त्या सर्वांचें मिळून क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होईल. टपालाच्या तिकिटाची जवळजवळ सहा गुंठे जमीन झाली ! आतां हाच हिशेब अणूंच्या दृष्टीनें करूं. लाडवांची एक चौकोनी रास कल्पा. तिच्या प्रत्येक बाजूला हजार लाडू असतील तर एकंदर शंभर कोटी लाडवांपैकीं बाहेरून दिसणारे लाडू शेंकडा एकाहूनहि कमी असतात. बाजूला दहाच लाडू असतील तर एकूण हजारांपैकीं ४८८, म्हणजे जवळजवळ निम्मे, बाहेरचे असतात. ॲनाटेजचा सहा नॅनोमीटरांचा कण म्हणजे उण्यापुऱ्या दहा हजार अणूंचा संसार. त्यांतील फार मोठा हिस्सा पृष्ठभागीं किंवा त्याच्या अगदीं लगत असतो. पृष्ठावरच्या अणूला एका बाजूस शेजारी नसतो. त्याचे बंध अपुरे राहतात, आणि त्यामुळें त्याच्या ठायीं अधिक ऊर्जा असते. मोठ्या स्फटिकांत हा खर्च नगण्य असतो. लहान कणांत तोच मुख्य होऊन बसतो.

याचा पुरावा दाब न देतांहि मिळतो. मोठ्या प्रमाणांत रूटाइल हें टायटॅनियाचें सर्वांत स्थिर रूप आहे. तरी प्रयोगशाळेंत टायटॅनियाचें अतिसूक्ष्म चूर्ण तयार केलें कीं बहुधा ॲनाटेज हातीं येतें. आणि सुमारें १४ नॅनोमीटरांहून लहान कणांत ॲनाटेजच अधिक स्थिर असतें, असा हिशेब १९९८ सालीं हेंगझोंग झँग व जिलियन बॅनफील्ड यांनीं मांडला. कारण ॲनाटेजच्या पृष्ठभागाचा खर्च रूटाइलच्या मानानें कमी असतो. म्हणजे दोन रूपांतलें श्रेष्ठ कोणतें, याचें उत्तर कणाच्या मापावांचून देतां येत नाहीं.

दुसरें कारण बीजाचें आहे. कोणतेंहि रूपांतर सबंध पदार्थांत एका क्षणीं होत नाहीं. कोठें तरी नव्या रचनेचें बीज पडतें आणि तेथून ती पसरते. धोतर फाटतें तें विरलेल्या जागेपासून. तसें मोठ्या स्फटिकांतलें बीज बहुधा एखाद्या दोषस्थानीं, म्हणजे जेथें अणूंची ओळ चुकलेली असेल अशा जागीं पडतें. मोठ्या स्फटिकांत असे दोष असंख्य असतात, आणि एका ठिकाणीं बदल सुरू झाला कीं तो सर्वत्र पोंचतो. लहान कण मात्र बहुधा निर्दोष असतो, आणि प्रत्येक कणाला आपलें बीज आपणच घालावें लागतें. शेजारच्या कणांत झालेला बदल त्याच्या उपयोगी पडत नाहीं. हाच प्रकार पाण्यांत दिसतो. घरांतलें पाणी शून्य अंशाला गोठतें, परंतु ढगांतील शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखालीं ३८ अंशांपर्यंत द्रवरूपांत राहूं शकतात. थेंब लहान, आंत कचरा नाहीं, बीज पडण्यास आधार नाहीं. ॲनाटेजच्या कणाची चिकाटी बव्हंशीं याच जातीची आहे.

तिसरा प्रश्न उरतो : कण टिकला तर टिकला, पण शेवटीं तो नव्या शिस्तींत न जातां बेशिस्त कां होतो ? शाळेच्या कवायतीचें उदाहरण येथें चांगलें लागू पडतें. मैदानावर पांचशें मुलें सहासहांच्या रांगांत उभीं आहेत आणि सातसातांच्या रांगा करण्याचा हुकूम सुटला आहे. मैदानाच्या एका कोंपऱ्यांत चार रांगा नीट लागल्या कीं बाकीचीं मुलें शेजाऱ्याकडे पाहून आपापली जागा घेतात. आतां पांचशेंच्या ऐवजीं वीसच मुलें आहेत असें समजा. त्यांतलीं बरींचशीं कडेचीं. त्यांना एका बाजूस शेजारीच नाहीं. नमुन्यादाखल चार रांगा लावाव्या म्हटलें तर तेवढींहि मुलें नाहींत. अशा वेळीं चोहोंकडून भिंती आंत सरकूं लागल्या तर मुलें रांग मोडून मिळेल तशीं दाटीनें उभीं राहतील. सूक्ष्म कणाचें नेमकें हेंच होतें. नव्या रचनेच्या बीजाला जेवढी जागा हवी तेवढी त्याच्यापाशीं नसते. त्याचें पृष्ठ आधींच थोडें अस्ताव्यस्त असतें. आणि दाब तर थांबावयास तयार नसतो. शिवाय प्रयोग साध्या उष्णतामानावर चाललेला असतो. दुकानदार पायली भरतांना ती हलवितो म्हणून दाणे नीट बसतात. अणूंच्या बाबतींत हें हलविण्याचें काम उष्णता करते. ती नसल्यामुळें अणूंना योग्य जागा शोधण्यास सवड मिळत नाहीं, आणि जागेची काटकसर शिस्तीच्या मोबदल्यांत साधली जाते.

दाबानें स्फटिक विस्कळित होतो ही गोष्ट केवळ सूक्ष्म कणांतच घडते असें मात्र समजूं नये. १९८४ सालीं कॅनडांत ओसामु मिशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साधें बर्फ द्रवरूप नायट्रोजनाच्या थंडींत ठेवून त्यावर सुमारें एक गिगापास्कल दाब घातला, तेव्हां तें न वितळतां विस्कळित झालें. त्यानंतर अशा पदार्थांची यादी वाढत गेली. मुंबईजवळ तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील सुरिंदर शर्मा व एस. के. सिक्का यांनीं १९९६ सालीं या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला आहे. आपल्या महाराष्ट्रांत याचा एक नैसर्गिक नमुनाहि आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर अशनीच्या आघातानें झालें. तेथील बेसॉल्ट खडकाच्या कांहीं तुकड्यांत फेल्डस्पार खनिजाचें मास्केलिनाइट झालेलें आढळतें. म्हणजे दाण्याचा बाह्य आकार तसाच, परंतु आंतली शिस्त गेलेली. तें दाणे नॅनोमीटरांच्या मापाचे नाहींत. तेथें कारण आघाताच्या दाबाचें आहे. टायटॅनियाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचे मोठे दाणे शिस्तीनें रूप पालटतात आणि लहान दाणे विस्कळित होतात. म्हणून येथें दोष किंवा गुण जो काय असेल तो लहानपणाचाच, असें निश्चयानें म्हणतां येतें.

यावरून 'लहान कण नेहमीं अधिक चिवट असतो' असा नियम कोणी बांधील, तर तोहि टिकावयाचा नाहीं. जस्ताचें ऑक्साइड पाहा. त्याचे मोठे स्फटिक सुमारें १० गिगापास्कलला मिठासारख्या रचनेंत जातात. १२ नॅनोमीटरांच्या कणांस १५ गिगापास्कल लागल्याचें २००० सालीं आढळलें. येथें लहानपणानें बदल लांबला. परंतु लोहाच्या ऑक्साइडाचें मॅग्हेमाइट हें रूप हेमाटाइट होण्यास मोठ्या दाण्यांत सुमारें ३५ गिगापास्कल लागतात, आणि नऊ नॅनोमीटरांच्या कणांत तोच बदल २७ ला झाला. सेरियमच्या ऑक्साइडांतहि मोठ्या दाण्यांचा आंकडा ३१ आणि नऊ ते पंधरा नॅनोमीटरांच्या कणांचा सुमारें २२ असा निघाला. येथें लहानपणानें बदल लवकर घडविला. म्हणून प्रत्येक पदार्थाचा जमाखर्च निराळा मांडावा लागतो. नव्या रचनेनें जागेची बचत किती होते, हें जमेच्या बाजूस. नव्या रचनेचें पृष्ठ जुन्याहून महाग कीं स्वस्त, हें दुसऱ्या सदरांत. आणि बीज पडणें सोपें कीं अवघड, हें तिसऱ्या सदरांत. बेरीज ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला कणाचें वर्तन झुकतें.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न सूज्ञ श्रोते विचारतील, आणि तो रास्त आहे. एक उपयोग साक्षीपुराव्याचा. जर्मनींत नॉर्डलिंगेन गांवाभोंवतीं सुमारें २४ किलोमीटर व्यासाचें रीस नांवाचें विवर आहे. तेथील खडकांत टायटॅनियाचीं दाबानें झालेलीं घट्ट रूपें २००१ सालीं सांपडलीं. सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वीं तेथें अशनी आदळला, याला हीं खनिजें साक्षी आहेत. खनिजाच्या रूपावरून भूतकाळांतला दाब वाचणें ही भूशास्त्राची नित्याची रीत आहे. परंतु साक्षीदार किती मोठा होता हें न विचारतां त्याची साक्ष घेतली तर हिशेब चुकेल. दहा नॅनोमीटरांचा कण वीस गिगापास्कल सोसूनहि 'माझ्यावर कांहीं झालें नाहीं' असें सांगेल, आणि तें त्याच्या परीनें खरेंच असेल.

दुसरा उपयोग नवे पदार्थ घडविण्याचा. १९७२ सालीं जपानांतील अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनीं टायटॅनियावर प्रकाश पाडून पाण्याचें पृथक्करण करतां येतें हें दाखविलें. सूर्यप्रकाशापासून इंधन मिळविण्याची आशा त्यांतून उत्पन्न झाली. अडचण ही कीं, ॲनाटेज केवळ जंबुपार किरणच शोषतें, आणि उन्हांत त्यांचा वांटा फार थोडा. बॅडेलाइटसारखें घट्ट रूप दृश्य प्रकाशहि शोषील, असें गणितावरून दिसतें. पण तें रूप दाब काढतांच राहत नाहीं. तें मधल्या, शिशाच्या ऑक्साइडासारख्या रूपांत परततें. हें मधलें रूप मात्र साध्या हवेंत टिकून राहतें. तेव्हां कणाचें माप हा एक नवा सुकाणू शास्त्रज्ञांच्या हातीं आला आहे. उष्णता आणि दाब हे जुने दोन. त्यांच्या जोडीला माप हा तिसरा. कोणत्या मापाचा कण, किती दाब देऊन, कोणत्या रूपांत कायम ठेवतां येईल, याचा शोध अनेक प्रयोगशाळांतून चालू आहे.

पाठ्यपुस्तकांतल्या कोष्टकांत पदार्थाचें नांव असतें, उष्णतामान असतें, दाब असतो. आणि त्यांवरून रूप सांगितलेलें असतें. तें कोष्टक खोटें नाहीं. मात्र तें मोठ्या दाण्यांसाठीं लिहिलेलें आहे, आणि तसें त्यावर बहुधा लिहिलेलें नसतें. आजच्या टायटॅनियाच्या हकीकतीवरून त्यांत आणखी एक रकाना घालावा लागतो, तो कणाच्या मापाचा. ज्या मुलांना आपण 'पोत्यांतली साखर आणि दाण्यांतली साखर एकच' असें शिकवितों, त्यांना वरच्या इयत्तेंत गेल्यावर 'दाणा किती लहान ?' हा प्रश्नहि विचारण्यास शिकवावें. पुढील शास्त्राचा बराचसा भाग त्या एका प्रश्नापासून सुरू होतो.